परळच्या गच्चीवरचे स्वयंपाकघर

प्रवासवर्णन लिहावयाचे म्हणजे लेखकाने निदान बोरघाट तरी ओलांडलेला असावा, अशी वाचकांची रास्त अपेक्षा असते. आम्ही ज्या प्रवासाची हकीकत येथे देणार आहो तो भोईवाड्यातील आमच्या घरापासून निघून परळातल्याच एका गच्चीवर संपतो, आणि त्यास पायी वीस मिनिटे पुरतात. तथापि ज्या मुलखाची भाषा आपणांस कळत नाही तो मुलूख परकाच म्हटला पाहिजे. आणि या न्यायाने वयाच्या सहासष्टाव्या वर्षी आम्ही परदेशगमन केले, असे म्हणावयास हरकत नाही.

पहाटे सहाच्या सुमारास परळ पाहावे. १९२६ साली उघडलेले केईएम आणि १९४१ साली उघडलेले टाटा ही दोन रुग्णालये जवळजवळ आहेत, आणि त्यांच्या भोवतालच्या पदपथांवर दूरदूरच्या गावांहून आलेली माणसे चादरी अंथरून निजलेली असतात. कोणी वऱ्हाडचा, कोणी बिहारचा, कोणी बंगालचा. चहावाल्याची किटली वाजू लागली की ती उठून बसतात आणि एकमेकांस आपल्या रुग्णाची हकीकत अशा एका मिश्र भाषेत सांगतात की, जिचे व्याकरण कोणी लिहिलेले नाही. परंतु ती समजत नाही असा मनुष्य आम्हांस तेथे अद्याप भेटला नाही. आम्ही तीस वर्षे विद्यार्थ्यांस मराठीचे व्याकरण शिकविले. या पदपथावरून जाताना त्या तीस वर्षांचा ताठा थोडा उतरतो.

परळात शब्द पूर्वीपासूनच बाहेरून येत आले आहेत. येथील बारादेवीच्या देवळात जे सुमारे साडेतीन मीटर उंचीचे शिवाचे शिल्प आहे, ते १९३१ साली रस्त्याचे काम चालू असताना सापडले. पाचव्या-सहाव्या शतकातील ते काम मानतात, म्हणजे तेव्हापासून येथे वस्ती व भक्ती होती. पुढे पोर्तुगीज आले, नंतर इंग्रज गव्हर्नराचा बंगला झाला, आणि त्याच बंगल्यात १८९९ साली हाफकिन साहेबांची प्लेगच्या लसीची प्रयोगशाळा गेली. मग गिरण्या वाढल्या. जॉबर हा शब्द विलायतेहून आला आणि परळच्या चाळीत राहून घरचा झाला. 'बदली' आणि 'पाळी' हे तर आपलेच शब्द, परंतु गिरणीने त्यांस असा अर्थ दिला की, भोंगा ऐकून उठणाऱ्या घरांत त्या अर्थावाचून दुसरा अर्थ कोणास सुचत नसे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लक्ष कामगारांनी संप केला, तो यशस्वी झाला नाही, गिरण्या एकेक करून बंद पडल्या, आणि भोंग्याबरोबर ते शब्दही विसावले. आता गिरण्यांच्या जागी उंच इमारती आहेत. कोठे कोठे एखादे धुराडे आठवणीखातर ठेवले आहे.

अशाच एका इमारतीच्या मोटारी ठेवण्याच्या मजल्यांवर एक गच्ची आहे. तीवर निळ्या-हिरव्या रंगाची चार पटांगणे आखलेली असून तासाच्या भाड्याने ती कोणासही मिळतात. तेथे आम्ही पिकलबॉल शिकावयास जातो.

आता यातील खरी गोष्ट सांगणे प्राप्त आहे. आमचे वडील बंधू अण्णा व आम्ही एकाच मजल्यावर, शेजारी शेजारी राहतो. जुनी चाळ पाडून नवी इमारत झाली तेव्हा आमच्या एकत्र कुटुंबास लागून लागून दोन घरे मिळाली. मधल्या भिंतीत दार ठेवून घेतले आणि स्वयंपाक एकाच घरात करावा असे ठरले. कोणाच्या घरात, एवढेच ठरावयाचे राहिले. ते राहिलेले कधी ठरलेच नाही. प्रथम बायकांत कुजबूज झाली, मग अण्णा एक शब्द बोलले, त्यावर आम्ही चार बोललो. चुली दोन झाल्या आणि मधल्या दाराला दोन्हीकडून कपाटे लागली. याला तीन वर्षे झाली. भांडण म्हणावे तर भांडण नव्हते. सणावारी ताटे एकत्र होत, जिन्यात भेट झाली तर पावसापाण्याच्या गोष्टी होत. परंतु ज्या भावाने आम्हांस पोहावयास, सायकल चालवावयास व पाढे म्हणावयास शिकविले, त्याच्याशी तीन वर्षांत पावसापाण्यापलीकडे आम्ही बोललो नाही, हे खरे.

हे पुढच्या पिढीने ओळखले होते. आमच्या कन्येने आम्हांस सांगितले, "बाबा, डॉक्टरांनी हालचाल करायला सांगितली आहे ना, उद्या सकाळी चला." त्याच सायंकाळी अण्णांच्या सुनेने त्यांस हेच वाक्य जसेच्या तसे सांगितले. दुसऱ्या दिवशी गच्चीवर दोघे भाऊ पांढरे बूट घालून समोरासमोर उभे राहिलो आणि दोघांच्याही लक्षात आले की, आपण फसलो. परत फिरावे तर तासाचे भाडे भरलेले. आणि आमच्या घराण्यात दिलेले पैसे वाया घालविण्याची चाल नाही.

शिकविणारा तरुण लालबागचा. त्याचे आजोबा साचेखात्यात होते. त्याने हातात एक लाकडी पाटासारखी फळी दिली, तिला पॅडल म्हणतात. आमच्या कुटुंबाने पुढे ती पाहून तिला 'गवंड्याची थापी' असे नाव दिले व ते घरात रूढही झाले. चेंडू प्लॅस्टिकचा, हलका, सर्वांगास भोके असलेला. नियमाप्रमाणे सव्वीसपासून चाळीसपर्यंत भोके चालतात. फळीवर तो टॉक् टॉक् असा वाजतो. चार पटांगणे एकदम चालू असली म्हणजे एखाद्या कासारआळीत उभे असल्यासारखे वाटते.

या खेळाचे कूळ आम्ही शोधून काढले, कारण नावाचा अर्थ कळल्याशिवाय आम्हांस कोणतीही गोष्ट करवत नाही. १९६५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड व बिल बेल हे दोघे स्नेही घरी आले, तो मुले कंटाळून बसलेली. अंगणात बॅडमिंटनचे जुने पटांगण होते, परंतु रॅकेटी पुऱ्या सापडेनात. तेव्हा टेबलटेनिसच्या फळ्या व भोकांचा चेंडू घेऊन त्यांनी काही तरी सुरू केले. शेजारचे बार्नी मॅकॅलम येऊन मिळाले आणि तिघांनी मिळून नियम केले. प्रिचर्ड हे पुढे अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचे सभासद झाले. नावाविषयी दोन कथा आहेत. प्रिचर्डबाई म्हणत की, नौकांच्या शर्यतीत उरलेसुरले वल्हेकरी एकत्र करून जी नौका सोडतात तिला 'लोणच्याची नौका' म्हणतात, आणि हा खेळही तसाच उरल्यासुरल्या सामानाचा. दुसरी कथा अशी की, घरच्या कुत्र्याचे नाव पिकल्स होते. कुत्रे मागाहून आले व त्याचेच नाव खेळावरून ठेवले, असे त्या कुटुंबाचे सांगणे. आम्ही नौकेच्या बाजूचे आहो. आमच्या पंचमेळ लोणच्याशी ते अधिक जुळते.

यात महाराष्ट्राने ओशाळे होण्याचे कारण नाही. ज्या बॅडमिंटनच्या पटांगणावर हा खेळ जन्मला, त्या बॅडमिंटनचे आरंभीचे नियम १८७० च्या दशकात पुण्याच्या छावणीतील इंग्रजांनी बांधले व त्या खेळास काही काळ 'पूना' असेच म्हणत. चव्वेचाळीस फूट लांबी व वीस फूट रुंदी हे बॅडमिंटनचे माप पिकलबॉलने जसेच्या तसे ठेवले आहे. म्हणजे पुण्याहून निघालेली आखणी अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून परळच्या गच्चीवर आली. तिला हिंदुस्थानात आणण्याचे श्रेय सुनील वालावलकर यांस आहे; त्यांनी हा खेळ कॅनडात पाहिला, येथे मोजक्या मंडळींना शिकविला, आणि २००८ साली अखिल भारतीय पिकलबॉल संघटना स्थापन झाली. वृत्तपत्रांतून आता त्याचा बोलबाला ऐकणाऱ्यांस हे आरंभीच्या वर्षांतले नेट धरून बसणे ठाऊक नसते.

परंतु आम्ही शब्दांविषयी सांगत होतो. पहिला शब्द आला 'डिंक'. तरुण म्हणाला, "काका, जोरात नाही मारायचं, डिंक करायचा." आमच्या डोळ्यांपुढे बाळंतिणीचे लाडू आले. अण्णांच्याही आले असावेत, कारण त्यांनी मिशीत हसू दाबले. जाळीपलीकडे अगदी जवळ, हलकेच टाकलेला चेंडू म्हणजे डिंक. दुसरा शब्द 'पोच'. आम्ही जन्मभर पत्राची पोच देत व घेत आलो. येथे पोच म्हणजे जोडीदाराच्या वाट्याचा चेंडू आपणच पुढे होऊन मारणे. या दुसऱ्या अर्थाने अण्णा लहानपणापासून पोच देत आले आहेत, असे आमच्या मनात आले. ते आम्ही बोललो नाही. फ्लॅपजॅक म्हणजे एक प्रकारचे धिरडे. ज्या चेंडूचा टप्पा पडू देणे भागच असते त्याला ते नाव. आणि ज्याचा एकही गुण न होता अकरा-शून्य असा पराभव होतो, त्याचे 'लोणचे घातले' म्हणतात. हे ऐकताच आम्हांस आपली कबड्डी आठवली. एका बाजूचे सारे गडी बाद झाले म्हणजे तेथेही लोण चढते आणि दोन गुण जास्त मिळतात. खेळ आणि स्वयंपाक यांची सोयरीक सर्व देशांत दिसते.

आकड्यांनी मात्र अण्णांस अडविले. ते बँकेत हिशेबनीस होते. जोडीच्या खेळात चेंडू टाकणाऱ्याने आधी तीन आकडे मोठ्याने म्हणावयाचे: आपले गुण, समोरच्यांचे गुण, आणि आपण जोडीतले पहिले की दुसरे. गुण फक्त चेंडू टाकणाऱ्या बाजूसच मिळतात. आता आरंभी काय म्हणावयाचे? शून्य, शून्य, दोन. "पहिल्याच मनुष्याला दोन कसे?" अण्णा म्हणाले. "ही शिल्लकच चुकीची आहे." कारण असे की, जी बाजू आरंभ करते तिला अगाऊ लाभ होऊ नये म्हणून पहिल्या खेपेस तिच्या एकाच गड्याला टाकू देतात, म्हणून तो दुसराच मानावयाचा. हे आम्हां दोघांस तीनदा समजावून सांगूनही उमजेना, तेव्हा तो तरुण म्हणाला, "काका, आजोबांच्या भाषेत सांगतो. पहिली पाळी, दुसरी पाळी. गिरणी सुरू झाली त्या दिवशी पहिली पाळी भरलीच नाही, एकदम दुसरीच लागली. पुढे मग रोज दोन्ही पाळ्या." अण्णांचा चेहरा उजळला. त्या दिवसापासून आमच्या पटांगणावर "चार, सहा, दुसरी पाळी" अशी आरोळी ऐकू येते, आणि शेजारच्या पटांगणावरची इंग्रजी बोलणारी मुले चकित होऊन पाहतात. एक विसावलेला शब्द आपल्याच जुन्या जागी पुन्हा कामावर रुजू झालेला पाहून आम्हांस जे वाटले ते येथे लिहिता येत नाही.

आणि मग आला तो शब्द: 'किचन'.

जाळीच्या दोन्ही अंगांस सात-सात फुटांचा जो पट्टा आखलेला असतो त्यास स्वयंपाकघर म्हणतात. शफलबोर्ड नावाच्या दुसऱ्या एका खेळात हे नाव होते, तेथून ते आले असावे असे सांगतात. नियम असा की, टप्पा न पडलेला चेंडू स्वयंपाकघरात उभे राहून मारता येत नाही. रेषेस बोट लागले तरी दोष. बाहेर उभे राहून मारला आणि झोक सांवरला न जाऊन मागाहून आत पाऊल पडले, तरीही दोष. एकदा आत गेलात तर दोन्ही पाय बाहेर टेकल्याशिवाय अधांतरीचा चेंडू शिवावयाचा नाही. चेंडूचा टप्पा पडला असेल तर मात्र खुशाल आत या.

हे ऐकून अण्णा व आम्ही एकदमच म्हणालो, "आजीचे सोवळे!" तीन वर्षांत दोघांच्या तोंडून एकच वाक्य एकाच वेळी निघाल्याचा हा पहिला प्रसंग. आमच्या आजीच्या ओट्यापुढे अशीच एक न दिसणारी रेषा होती व तिचे नियम याहून सोपे नव्हते. परंतु या साम्यावर फार वेळ हसता येत नाही. याच परळातील गिरण्यांत साचेखात्यात धोट्यातून सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि त्या विटाळाच्या भयाने अस्पृश्य मानलेल्या कामगारांस त्या चांगल्या पगाराच्या खात्यात शिरकाव नसे. परळच्याच चाळीत वर्षानुवर्षे राहिलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न मांडला होता. त्या तरुणाच्या आजोबांनी हे पाहिले असेल किंवा त्यांच्या वडिलांनी. गच्चीवरची रेषा खेळ संपला की कोणीही तुडवितो. एवढा त्या दोन रेषांत फरक.

चतुर लोक स्वयंपाकघर टाळून परसदाराने येतात. पटांगणाच्या कडेबाहेर, जाळीच्या अगदी अंगास उडी मारून चेंडू तेथल्या तेथे खाली मारावयाचा, याला 'अर्न' म्हणतात. अर्न पेरी नावाच्या खेळाडूमुळे ते नाव पडले. आमच्या कन्येने हा प्रकार एकदा करून दाखविला. आम्ही करणार नाही.

पहिले दोन आठवडे आम्ही दोघे सारखे हरत होतो. कारण उघड होते. चेंडू मधोमध आला की अण्णा आम्हांकडे पाहत आणि आम्ही अण्णांकडे. चेंडू दोघांच्या मधून सभ्यपणे निघून जाई. अखेर तरुण म्हणाला, "दोन्ही काका, बोलायला लागतं. आपला असला तर 'माझा' म्हणायचं, नसला तर 'तुझा'. गप्प बसणाऱ्यांची जोडी इथे टिकत नाही." समोर अण्णांची सून व आमची कन्या उभ्या होत्या, दोघींनी एकदम बुटाचे बंद बांधावयास घेतले. वाचकांपैकी ज्यांच्या घरी वाटण्या झाल्या असतील त्यांस हे दोन शब्द तोंडातून काढणे किती जड असते ते सांगावयास नको. प्रथम आम्ही पुटपुटलो. अण्णांनी खाकरून "तुझा" म्हटले. पुढे हळूहळू आवाज चढला, आणि महिनाभरात अशी वेळ आली की, मधल्या चेंडूवर दोघेही "माझा!" म्हणून धावलो आणि दोन फळ्या एकमेकींवर आपटल्या. त्यावर जे बोलणे झाले ते पावसापाण्याचे नव्हते. तीन वर्षांचे होते. ते शेजारच्या पटांगणालाही ऐकू गेले. मुली मध्ये पडल्या नाहीत. खेळ दहा मिनिटे थांबला, अण्णा पाणी प्यायले, आम्ही प्यालो, आणि पुन्हा खेळ सुरू झाला.

गेल्या गुरुवारची गोष्ट. मुलींचे दहा, आमचे नऊ. अकरा झाले आणि दोनचे अंतर राहिले की संपले. दुसरी पाळी त्यांची. चेंडू उंच आला. आम्ही रेषेच्या तसूभर अलीकडे होतो. टप्पा पडू न देता तो जीव खाऊन मारला, तो पलीकडे कोपऱ्यात पडला. परंतु झोक काही आवरेना. देह पुढे चालला, हात पंख्यासारखे फिरू लागले, खाली निळे स्वयंपाकघर दिसू लागले, आणि इतक्यात मागून आमचा सदरा कोणीतरी घट्ट धरला.

"बंड्या, स्वयंपाकघरात शिरशील रे!" अण्णा ओरडले.

आम्ही रेषेवर कळसूत्री बाहुलीसारखे लोंबत होतो. हा शब्द अण्णांच्या तोंडून तीन वर्षांत आम्ही ऐकला नव्हता. 'बंड्या' हा तर त्याहून अधिक काळ. कन्येने तक्रार केली की, हे धरणे नियमांत बसत नाही. तरुणाने येऊन अण्णांचे पाय पाहिले. धरणारा स्वतः स्वयंपाकघराबाहेर उभा असेल तर जोडीदारास ओढून धरणे चालते, असा त्याने निवाडा दिला. त्यांची पाळी संपली, चेंडू आमच्याकडे आला. पुढे आम्ही हरलो, अकरा-नऊ, ते असो.

परत येताना केईएमच्या कोपऱ्यावर चहा घेतला. पैसे अण्णांनी दिले. सदऱ्याची पाठीमागची शिवण उसवली होती. ती वहिनींकडे पाठवून दे, त्या यंत्रावर शिवतील, असे ते म्हणाले, आणि आम्ही पाठविली.

मधल्या दारापुढची कपाटे अद्याप तेथेच आहेत. परंतु आता पावणेसहाला आमच्या कपाटाच्या मागून दारावर दोन टकटका ऐकू येतात, आणि आम्ही उठून बूट शोधू लागतो. मधोमध आलेला चेंडू कोणाचा, हे मात्र अजून ठरलेले नाही. अण्णांचे म्हणणे, ज्याची फळी सुलट्या हाताने पोहोचेल त्याचा. आमचे म्हणणे निराळे आहे, आणि ते उद्या सकाळी आम्ही त्यांस सांगणार आहो.